सेलेना किंतानिया आणि आपलं मराठीचं भांडण

१६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय काढला. त्याच तारखेला इथे टेक्सासमध्ये गायिका सेलेना किंतानियाचा जन्मदिवस असतो. १९९५ साली तिचा खून झाला, त्यानंतर दोनच आठवड्यांत तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी हा दिवस राज्यात ‘सेलेना दिन’ म्हणून जाहीर केला. त्या दिवशी ह्यूस्टनच्या रेडिओवर तिची गाणी लागत होती आणि माझ्या साताऱ्याच्या वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १७ जूनला शब्द बदलून दुसरा निर्णय आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. मधल्या काळात मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ग्रुपवर एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: “लहान मुलं भाषा पटापट शिकतात गं, एक वाढली तर बिघडलं कुठे?” या प्रश्नाचं उत्तर टेक्सासमध्ये राहणाऱ्या माणसाला पुस्तकात शोधावं लागत नाही.

सेलेना जन्मली १९७१ मध्ये, लेक जॅक्सनला. आमच्या घरापासून दक्षिणेला तासाभराच्या वाटेवरचं, डाऊ केमिकलच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव. वडील अब्राहम तिथेच नोकरीला होते. तरुणपणी ते ‘लॉस दिनोस’ नावाच्या बँडमध्ये गायचे. घराणं मेक्सिकन वंशाचं, पण पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासमधलं. आणि सेलेनाला स्पॅनिश येत नव्हती. ती इंग्रजीत वाढली, इंग्रजीत विचार करायची. पुढे जिला जग ‘टेहानो संगीताची’, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या संगीताची, ‘राणी’ म्हणू लागलं, तिने सुरुवातीची स्पॅनिश गाणी अर्थ न कळता, वडिलांनी एकेक शब्द उच्चारून दाखवला तसा पाठ करून म्हटली.

हे असं का झालं? १९१८ मध्ये टेक्सासने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शाळेत शिकवणं हा गुन्हा ठरवला. मेक्सिकन मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांशी स्पॅनिश बोलली तरी छडी बसायची. पश्चिम टेक्सासात मार्फा गावी मेक्सिकन मुलांसाठी ब्लॅकवेल नावाची वेगळी शाळा होती. १९५४ मध्ये तिथल्या मुलांकडून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत घातल्या आणि शाळेच्या आवारात खड्डा खणून ती पेटी पुरली. भाषेची प्रेतयात्रा, आणि खांदा द्यायला तीच भाषा बोलणारी पोरं. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. अब्राहम किंतानिया त्याच पिढीतले. द्विभाषिक शिक्षणाचा कायदा आला १९७३ मध्ये, तोवर त्यांची मुलं इंग्रजी बोलायला लागलेली होती.

म्हणून “मुलं पटापट शिकतात” हे मला अर्धंच खरं वाटतं. मुलं तितक्याच पटापट विसरतातही. कुठली भाषा ठेवायची आणि कुठली टाकायची, हे ती शाळेच्या वातावरणावरून, मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. पहिलीतल्या मुलावर तीन भाषा लादायला माझा विरोध आहे आणि निर्णय रद्द झाला याचा मला मनापासून आनंद आहे. महाराष्ट्र म्हणजे टेक्सास नव्हे, हिंदीवाल्यांनी मराठी मुलांना छड्या मारलेल्या नाहीत, हेही मला कळतं. पण सरकार कुठल्या भाषेला सक्तीचं बळ देतं याचा परिणाम दोन पिढ्यांनी दिसतो, आणि तो दिसेपर्यंत कायदा करणारे कोणी उरलेले नसतात.

आता गोष्टीचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आमच्या भांडणात कोणीच काढला नाही.

अब्राहमनी नोकरी सोडून रेस्टॉरंट काढलं. तिथल्या छोट्या स्टेजवर सेलेना गायची, भाऊ ए. बी. बेस वाजवायचा, बहीण सुझेट ड्रम्सवर. ऐंशीच्या सुरुवातीच्या मंदीत रेस्टॉरंट बुडालं, घर गेलं, कुटुंब कॉर्पस क्रिस्टीला आलं. मग पोट भरण्यासाठी लग्नं, जत्रा, डान्स हॉल. आणि तिथे मागणी होती ती टेहानोची. म्हणजे जर्मन-चेक स्थलांतरितांकडून आलेला अकॉर्डियन आणि पोल्का, त्यात मेक्सिकन गाणं, पुढे कुंबिया या लॅटिन अमेरिकी नाचाचा ठेका. शाळेतून हद्दपार झालेली स्पॅनिश या नाचाच्या फरशीवर जिवंत होती. शनिवारी रात्री लोक तिकीट काढून ती ऐकायला यायचे. आठवीत असतानाच शाळा सोडून, जुन्या बसमधून फिरत सेलेना त्या भाषेत परत गेली. तिथे टाळ्या होत्या, जोडीदार होता (बँडचा गिटारवादक क्रिस पेरेझ, दोघांनी १९९२ मध्ये गुपचूप लग्न केलं), रोजीरोटी होती. बाईला या पुरुषी धंद्यात कोण ऐकणार, असं म्हणणाऱ्यांना तिने १९८७ पासून टेहानो पुरस्कार जिंकून उत्तर दिलं.

तिची गाणी कशी घडायची तेही बघा. ‘बिदी बिदी बॉम बॉम’ हे मूळचं तालमीत सुचलेलं, पाण्यात मजेत पोहणाऱ्या माशांवरचं इंग्रजी गमतीचं गाणं. त्याचं झालं एक स्पॅनिश प्रेमगीत, ज्यात छातीची धडधडच शब्द बनून येते. ते गाताना तिला कुठे व्याकरणाची भीती वाटत असेल असं ऐकून मुळीच वाटत नाही. स्पॅनिश शब्दांसाठी भावाच्या जोडीला लारेडोचा पीट अस्तुदियो होता. ‘कोमो ला फ्लोर’ या दोघांनीच लिहिलं.

१९९२ मध्ये तिला मेक्सिकोत न्यायचं ठरलं, तेव्हा रेकॉर्ड कंपनीची माणसं धास्तावली होती. सीमेपलीकडचे पत्रकार टेक्सासच्या मोडक्या स्पॅनिशला हसण्याबद्दल प्रसिद्ध. मॉन्तेरेच्या पत्रकार परिषदेत ही बाई आत आली आणि एकेका पत्रकाराला मिठी मारत सुटली. बोलताना अडखळली, इंग्रजी शब्द घुसवले, हसली, पुढे गेली. मेक्सिकोने तिला आपलं म्हटलं. १९९४ मध्ये ग्रॅमी, २६ फेब्रुवारी १९९५ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये साठ हजारांहून जास्त लोक. जांभळ्या पोशाखात घोडागाडीतून आली, सुरुवात इंग्रजी डिस्को गाण्यांनी केली आणि मग कुंबियावर आली. दोन्ही तिचंच होतं. ३१ मार्चला कॉर्पस क्रिस्टीच्या एका मोटेलमध्ये तिच्याच फॅन क्लबच्या माजी अध्यक्षेने तिला गोळी घातली. वय तेवीस. जुलैत आलेला तिचा इंग्रजी-स्पॅनिश अल्बम पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत पहिला आला.

आता आपल्याकडे या. माझी मुलगी ह्यूस्टनमध्ये जन्मली. दोन वर्षांपूर्वी इथल्या गणेशोत्सवात तिने स्टेजवर एक भावगीत म्हटलं. ‘ळ’ तिला जमत नाही, ‘ल’ होतो. पहिल्या रांगेत भारतातून आलेल्या एक पाहुण्या बाई शेजारणीकडे वळून हसल्या आणि गाणं संपल्यावर तिला जवळ बोलावून तीन शब्द सुधारून दिले. मनात वाईट काही नसेल. मुलीने त्यानंतर मराठी गाणं म्हटलेलं नाही. पुण्यात, ठाण्यात इंग्रजी माध्यमातल्या मुलांचंही हेच होतं, हे मी दर सुट्टीत पाहते. मामा ‘अडुसष्ट म्हणजे किती सांग’ म्हणून कोंडीत पकडतो, पोरगं इंग्रजीत पळ काढतं. आणि परप्रांतीय दुकानदार मोडकं मराठी बोलला तरी आपण लगेच हिंदीत उत्तर देतो, नाही बोलला तर त्याची कॉलर धरतो. मग त्याने शिकावं कुठे आणि कोणाशी?

थप्पड मारून भाषा शिकवणाऱ्यांना मार्फाच्या शाळेतले मास्तर शोभतील असे सोबती आहेत, एवढंच मी म्हणेन.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मी इथे पेढे वाटले. तो मान आपल्या हक्काचाच होता. पण किंतानिया कुटुंबाला स्पॅनिशकडे परत आणलं ते डान्स हॉलने, दर्जाने नव्हे. चुकत गाणाऱ्या मुलीसाठी तिथे ठेका थांबत नव्हता. मराठीत असे हॉल आहेत: गणपतीचे मांडव, ढोल-ताशा पथकं, शाळांची स्नेहसंमेलनं, एकांकिका स्पर्धा. तिथे अडखळणाऱ्या मुलाला माईक मिळतो की नाही, यावर माझ्या मते शासन निर्णयापेक्षा जास्त अवलंबून आहे.

आमच्या मंडळाच्या कार्यक्रम समितीला मी यंदा दोन गोष्टी लिहून दिल्या. मुलांचा बँड करायचा, ड्रम्स-गिटार त्यांचे, गाणी मराठी, चाली हव्या तर त्यांनी बदलाव्यात. आणि कार्यक्रमात किंवा नंतर कोणी कोणाचे उच्चार सुधारायचे नाहीत. बँडला पैसे मंजूर झाले आहेत. दुसऱ्या मुद्द्यावर ज्येष्ठ मंडळींचा अजून विरोध आहे, त्यासाठी पुढच्या बैठकीत मी पुन्हा बोलणार आहे.