काच खाली केली म्हणून धूर जात नाही

जिप्सी, थार आणि जुन्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: फ्री-फ्लो (धुराला कमी अडवणारा, दणकट आवाजाचा) सायलेन्सर बसवला की गाडीत थोडा धूर येणारच, घाबरायचं कारण नाही. वास येत नसेल तर गॅसही नाही. बीएस-6 गाडी आणि पीयूसी असेल तर धुरात विषारी काही उरतच नाही. वास आलाच तर काच चार बोटं खाली घ्या, मागचा पडदा वर करा. फारच झालं तर सायलेन्सरचं लीक सिलिकॉननं बुजवा. आणि पोरांचं डोकं दुखलं, उलटी झाली, तर ती गाडी लागली समजा. ऑक्सिमीटर लावून बघा, 98 दाखवेल.

यातली जवळपास सगळी वाक्यं मी एकेकाळी खरी मानली होती. तेवढ्या भरवशावर पोरीला जिप्सीत मागे बसवून कोल्हापूरहून आंबोलीला नेलं होतं. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतोय.

वासापासून सुरू करतो. माणसाला मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. आपल्याला येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा आणि सल्फरच्या संयुगांचा वास. वास आला तर धूर आत येतोय एवढं नक्की. पण वास आला नाही, यावरून काहीच ठरत नाही. शिवाय नाकाला सवय होते. दहा मिनिटं गाडीत बसलेल्याला जो वास जाणवत नाही, तो दार उघडणाऱ्याला लगेच येतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. मी चालवत होतो, मला काहीच जाणवलं नव्हतं. गडहिंग्लजला चहासाठी थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्या काकांनी मागे डोकावून विचारलं, "पेट्रोल सांडलंय का ओ आत?"

बीएस-6 आणि पीयूसीचा मुद्दा आकड्यांनीच निकालात निघतो. पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 1 ग्रॅम होती, बीएस-6 मध्येही तीच आहे. पीयूसीत बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, 0.3 टक्के चालतो, म्हणजे दहा लाखांत तीन हजार भाग, 3000 पीपीएम. सर्टिफिकेट मिळालेल्या गाडीच्या नळकांड्यातून एवढा बाहेर पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची तासाभराची मर्यादा 35 मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण 30 पीपीएम. आता यात फ्री-फ्लोची भर घाला. कितीतरी ठिकाणी तो बसवताना धुरातला विषारी भाग कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकतात. मग गाडी कागदावर कुठल्याही बीएसची असो. आणि कन्व्हर्टर जागेवर असला तरी तो अडीच-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. सकाळी थंड इंजिन चालू करून, काचा बंद ठेवून गाडी गरम करत बसणं म्हणूनच सगळ्यात वाईट. डिझेलमध्ये हा वायू कमी असतो हे खरं, पण शून्य नसतो, आणि काजळी व नायट्रोजन ऑक्साइडं येतात ती वेगळीच.

आता काच आणि पडदा. मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकला की माणसाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

मातीच्या रस्त्यावरून आल्यावर जीपची मागची काच सगळ्यात जास्त का माखते? चाकं तर धूळ मागे फेकत असतात, मग ती गाडीवरच येऊन का बसते? चौकोनी पाठीची गाडी हवेतून पुढे जाते तेव्हा तिच्या मागे पोकळी तयार होते. तिथला दाब कमी असतो, हवा भोवरा घेऊन परत गाडीच्या पाठीला येऊन चिकटते. धूळ तशी येते, आणि सायलेन्सरचा धूरही त्याच वाटेनं येतो. अशा वेळी मागचा पडदा वर केला की त्या भोवऱ्याला दारच उघडून दिलं. पुढची काच थोडीशी खाली घेतली तर बाजूनं जाणारा वारा आतली हवा बाहेर ओढतो, आणि ती भरून काढायला हवा येते मागून. ड्रायव्हरला तोंडावर वारा लागतो, त्याला वाटतं गाडी मोकळी झाली. मागे बसलेल्याचं काय होतं ते त्याला कळत नाही.

आंबोलीहून परतल्यावर पीपीएमचा आकडा दाखवणारा मीटर आणला आणि मागच्या सीटजवळ रोल केजला, म्हणजे आतल्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्याला, बांधला. साधारण चाळीसच्या वेगानं, एकाच रस्त्यावर, चार वेळा फिरलो. फक्त मागचा पडदा वर, काचा बंद: 52. पडदा वर आणि पुढच्या काचा चार बोटं खाली, म्हणजे मेसेजमधला उपाय: 46. सगळं बंद: 19. मागचं सगळं घट्ट बंद आणि पुढच्या काचा पूर्ण खाली: 11. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. पण 46 हा आकडा बघितल्यावर मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं तशीच उभी केली होती. त्या दिवशी पोरगी तीन तास तिथे बसली होती, मागचा पडदा वर करून, कारण तिला डोंगर बघायचे होते.

वाटेत वास आलाच तर आधी मागचं उघडं असेल ते बंद करा, पुढच्या काचा पूर्ण खाली घ्या, पहिल्या सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा आणि सगळे खाली उतरा. हा तेवढ्यापुरता उपाय आहे, पुढचा प्रवास करायची परवानगी नाही.

मीटरबद्दल आणखी एक गोष्ट. घरात लावायचा साधा अलार्म गाडीत ठेवून निश्चिंत होऊ नका. अमेरिकी मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म 70 पीपीएमला एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो. माझ्या 46 ला तो वाजलाच नसता. आकडा दिसणारा मीटरच हवा.

मग येतो सिलिकॉनचा मुद्दा, म्हणजे सायलेन्सरचं लीक बंद केलं की काम संपलं. मीही तेच धरून बसलो होतो. आमच्या मिस्त्रीनं मला थांबवलं. म्हणाला, "मालक, नुसता पाइप बघू नगा. धूर बाहेर पडतोय त्यो एक दोष, आत शिरतोय त्यो दुसरा. दोन्ही गावलं पायजेत."

आधी पाइप पाहिला. इंजिन थंड आणि बंद. धूळ उडवायचा ब्लोअर नळकांड्याला चिंधी गुंडाळून लावला आणि प्रत्येक जोडावर शाम्पूचं पाणी मारलं. इंजिनला लागून असलेल्या मॅनिफोल्डची पॅकिंग ठीक होती. ऑक्सिजन सेन्सरच्या बुडाशी काही नाही. पाइप जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या चकतीवर, म्हणजे फ्लँजवर, मात्र तांदळाच्या कण्यांएवढे बुडबुडे सतत येत होते, आणि खाली वाकून बघितलं तर तिथे काजळीचा पंखा उमटलेला. नव्या मफलरची, म्हणजे त्या फ्री-फ्लो सायलेन्सरची, फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकली होती, पॅकिंग एका बाजूनंच दाबली जात होती. यावर सिलिकॉन किती दिवस टिकणार? आरटीव्ही सिलिकॉन तीनशे अंशांच्या आसपास हार मानतं, आणि इंजिनजवळचा पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो. फ्लँज घासून सपाट केली, नवी पॅकिंग घातली. दुसरी चूक माझ्याच डोळ्यांसमोर होती. फ्री-फ्लो बसवणाऱ्यानं नळकांडं मागच्या ॲक्सलच्या पुढे, गाडीच्या पोटाखालीच संपवलं होतं, आवाज चांगला येतो म्हणून. धूर गाडीबाहेर सोडलाच जात नव्हता. पाइप वाढवून बॉडीच्या कडेच्या बाहेर काढला.

मीटर पुन्हा लावला. सगळं बंद करून 7 आला. कमी झाला, पण गेला नाही.

ती रात्र मला चांगली आठवते. मिस्त्री हातात मोठी बॅटरी घेऊन गाडीखाली पिटमध्ये उतरला. गाडीच्या टपावरून मी ताडपत्री टाकली, दिवे घालवले आणि आत मागच्या फ्लोअरवर पालथा पडलो. तो खालून बॅटरी इंच इंच सरकवत होता, मी आतून ओरडत होतो. फोर-बाय-फोरच्या लिव्हरचं रबरी बूट, म्हणजे बुडाची खोळ, चिरलेलं, तिथे प्रकाशाची बारीक रेघ. रोल केजच्या पायाजवळ एक गोल भोक, बोल्टासाठी पाडलं आणि जागा चुकली म्हणून तसंच सोडून दिलेलं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, म्हणजे फायरवॉलमध्ये, छतावरच्या दिव्यांची वायर जिथून आत आणली होती तिथे भोक बंद करणारं रबरी कडं, ग्रोमेट, नाहीच. वायरभोवती चंद्रकोरीसारखा उजेड. उजव्या टेललॅम्पच्या मागे आणखी एक ठिपका. चार भोकं. ही चारही मी पैसे देऊन पाडून घेतलेली किंवा दुर्लक्षानं ठेवलेली. कंपनीतून गाडी आली तेव्हा यातलं एकही नव्हतं.

टेलगेटच्या रबराला दुसरी युक्ती. वहीचा कागद रबरात धरून टेलगेट लावायचं आणि कागद ओढायचा. नीट दाबत असेल तर तो अडतो. आमचा डाव्या खालच्या कोपऱ्यात लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. उदबत्ती लावून धूर कुठे ओढला जातो तेही बघता येतं, फक्त पेट्रोलच्या आसपास नको, आणि मीटर तेव्हा गाडीबाहेर ठेवा. उदबत्तीच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो, आकडा चढतो आणि माणूस उगाच चुकीच्या दिशेला धावतो.

बॉडीचा दोष किती महत्त्वाचा, हे मोठ्या प्रकरणांतही दिसलेलं आहे. 2017 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी आपल्या सुमारे 400 फोर्ड एक्सप्लोरर गाड्या वापरातून काढल्या, कारण गाडीत बसलेल्या पोलिसांना त्रास झाला होता. एक्सप्लोररमधल्या धुराच्या तक्रारींची तिथल्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेची चौकशी 2016 मध्येच सुरू झाली होती, ती 2023 च्या जानेवारीत संपली. संस्थेनं मोजलेल्या गाड्यांत कार्बन मोनॉक्साइड वाढलेला आढळला तो दोनच प्रकारांत: दिवे आणि इतर पोलिसी सामान बसवताना पाडलेली भोकं नीट न बुजवलेल्या गाड्यांत, आणि मागून ठोकर बसलेल्या गाड्यांत. आपल्याकडचं उदाहरण अधिक जवळचं आणि अधिक दुःखद आहे. 2024 च्या डिसेंबरमध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरल्याचं एनआयटी कोझिकोडच्या तज्ज्ञांच्या तपासणीत निघालं. गाडी तर चालूही नव्हती.

भोकं बुजवताना फोम, चिकटपट्टी असले प्रकार नकोत. गरम पाइपजवळ फोम पेटू शकतो. आम्ही मोठ्या भोकावर पत्र्याची चकती वेल्ड करून वर बॉडी सीलंट लावलं, वायरीला ग्रोमेट, लिव्हरला नवं बूट, टेललॅम्पला गॅस्केट, टेलगेटला नवं रबर. सगळा खर्च त्या मफलरच्या किमतीच्या निम्माही नव्हता.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि माझं मन सगळ्यात जास्त अडकलंय ते तिथे. पोरांना "गाडी लागते".

आजऱ्याच्या पुढे पोरगी गप्प झाली. मग डोकं दुखतंय म्हणाली. मग झोपली. आंबोलीत उतरवली तेव्हा उलटी केली. माझी आई म्हणाली, घाट लागला पोरीला. आम्ही तिला लिंबू दिलं, तासाभरानं ती जरा बरी झाली, आणि संध्याकाळी त्याच गाडीत त्याच जागी बसवून परत आणली. या पोरीला त्याआधी कधीच गाडी लागली नव्हती. आणि तिचं डोकं दुखायला लागलं ते घाट सुरू व्हायच्या आधी, सरळ रस्त्यावर. माझ्या बायकोचंही दुखत होतं, तीही मागेच बसली होती. हे सगळं आमच्यासमोर होतं, पण "गाडी लागली" या दोन शब्दांनी आमचं विचार करणंच बंद झालं.

डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, झोप येणं: कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणं आणि गाडी लागण्याची लक्षणं जवळपास सारखी आहेत. लहान मुलांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांना आधी जाणवतं. एकाच वेळी दोघांना त्रास झाला, सरळ रस्त्यावर झाला, मागच्यांना झाला आणि पुढच्याला नाही, तर ती गाडी लागणं समजू नका.

आणि ऑक्सिमीटरवर तर अजिबात विसंबू नका. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन धरलेलं आणि हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असताना ते 98 दाखवू शकतं. मेसेजमध्ये दिलासा म्हणून दिलेला आकडा तोच आहे. त्रास जास्त असेल, कुणी गळून पडलं असेल, तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना आठवणीनं सांगा की गाडीत धूर येत होता; कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू धरलेल्या हिमोग्लोबिनची, रक्ततपासणी त्यावरून होते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. त्या दिवशी आम्ही तो आंबोलीतल्या तासाभराच्या मोकळ्या हवेवर सोडून दिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. मीटर मागे, तिच्या डोक्याच्या उंचीवर. गडहिंग्लज 0, आजरा 0, मधे एका ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा 3, पुढे पुन्हा 0. घाटातल्या चौथ्या की पाचव्या वळणाला ती म्हणाली, "बाबा, मला कसंतरी होतंय." मी गाडी थांबवली, आधी मीटर बघितला. 0. मग तिला खाली उतरवलं, थोडं चालवलं आणि आवळा सुपारी दिली.