थेट जपानची परंपरा आणि दहावा डॅन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कराटेचा वर्ग निवडताना भिंतीवरच्या जपानी सर्टिफिकेटवर भाळू नका, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की तुमची मुलगी ज्या सरांकडे शिकते त्यांची परंपरा थेट जपानला जाऊन मिळते. पुढे त्यांनी स्वतःची शैली काढली आणि दहावा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली सगळ्यात वरची पायरी, धारण केला, तर त्यात गैर काय? जुदोचे संस्थापक कानो आणि कराटे टोकियोला नेणारे फुनाकोशी यांनी तरी दुसरं काय केलं? आणि गायिका केसरबाई केरकरांच्या गोव्यात बसून घराण्याला नावं ठेवणं मला शोभत नाही.

आधी कानोंचं बघू. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान हे जुदोचं शिक्षणकेंद्र सुरू केलं तेव्हा ते जेमतेम एकविशीचे होते. तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जपानच्या जुन्या झटापटीच्या विद्येच्या, दोन जुन्या शाखा ते शिकले होते. नवं काढलं हे खरं. पण त्या नव्या जागेत शिकवायला त्यांचे कितो-र्यूचे गुरू इइकुबो येत असत. विद्यार्थ्यांसमोर कानो स्वतः त्यांच्याकडून शिकत होते. पुढे जुदो देशभर पसरल्यावर 1906 मध्ये क्योटोला वेगवेगळ्या जुजुत्सू शाखांचे ज्येष्ठ उस्ताद एकत्र बसले, कानो त्या समितीचे प्रमुख होते, आणि जुदोचे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, सगळ्यांनी मिळून ठरवले. म्हणजे शैली नवी, पण ती तपासायला ज्यांना कळतं अशी माणसं समोर बसवलेली. तुमच्या सरांच्या शैलीची अशी तपासणी कोणी केली, एवढंच मला विचारायचं आहे.

फुनाकोशींची गोष्ट वेगळी आहे, आणि तुम्ही ज्याला ‘थेट जपान’ म्हणता त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. कराटे ओकिनावाचं. ते बेट 1879 पर्यंत जपानचा प्रांतसुद्धा नव्हतं, तिथे र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं. फुनाकोशी गिचिन 1922 मध्ये प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. ओकिनावात तेव्हा डॅन नव्हते, रंगीत पट्टे नव्हते. डॅनची पद्धत कानोंनी 1883 मध्ये जुदोत आणली होती. फुनाकोशींनी ती उचलली आणि 1924 मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले. तुमची मुलगी पहिल्यांदा शिकली असेल ते हेयान काता इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवले. यात कमीपणा कसला? मुलांच्या अंगाला वळण लागावं म्हणून एका म्हाताऱ्या शिक्षकाने केलेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण वर्गाच्या पत्रकावर ‘हजारो वर्षांची सामुराई परंपरा’ छापलेलं दिसलं की मला राग येतो, कारण त्यात इतोसूंचं श्रेय पुसलं जातं.

गोजू-र्यू या कराटेच्या शाखेचं तर नावच एका प्रश्नातून आलं, असं सांगतात. 1930 च्या सुमारास तिचे संस्थापक मियागी चोजुन यांचे शिष्य शिन्झातो टोकियोत प्रात्यक्षिक द्यायला गेले. तिथे त्यांना कोणीतरी विचारलं, तुमची शाखा कोणती? सांगायला नाव नव्हतं. परत येऊन त्यांनी गुरूंच्या कानावर घातलं आणि मग मियागींनी नाव ठरवलं. शिकवणं आधीपासून चालूच होतं, नाव मागाहून आलं. आपल्याकडे आता उलट चाललं आहे: आधी नाव, लोगो, लाल शिक्क्याचं सर्टिफिकेट, आणि मुलांचे पाय कुठे पडतात ते नंतर.

तरीही परंपरा फुकाची, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. दाइतो-र्यू या जुजुत्सूच्या शाखेचे ताकेदा सोकाकू यांचं उदाहरण घ्या. ते गावोगाव फिरून शिकवायचे आणि सोबत वह्या ठेवायचे. कोण शिकलं, कुठे शिकलं, त्याचं नाव आणि शिक्का एका वहीत, मानधनाची नोंद दुसरीत. आयकिदो या जपानी युद्धकलेचे संस्थापक उएशिबा मोरिहेई त्यांना 1915 मध्ये होक्काइदोत भेटले आणि त्यांच्याकडे शिकू लागले. पुढे आयकिदोचा वृक्ष केवढा वाढला, तरी मूळ कुठलं ते त्या वह्यांमुळे झाकता येत नाही. परंपरेचा दावा करणाऱ्याने असं काहीतरी दाखवावं, बस. कोणाकडे, कुठे, किती काळ.

पण कागद खरा असला तरी तेवढ्याने भागत नाही. माशेलच्या बाजूला एका वर्गाचं ग्रेडिंग, म्हणजे पट्ट्याची परीक्षा, बघायला गेलो होतो. देवळाचा सभामंडप, कडेला पालक, मुलं हेयान शोदान, म्हणजे पहिला हेयान काता, करत होती. सुरुवातीलाच डावीकडे वळून पुढच्या पायावर वजन टाकत हाताने खालचा वार अडवायचा असतो. वळताना एका मुलीची मागची टाच लादीवरून सुटली. दुसऱ्याची सुटली, तिसऱ्याचीही. परीक्षक म्हणून सरांचेच गुरू बाहेरगावाहून आले होते. त्यांनी मुलांना थांबवलं आणि सरांना पुढे बोलावलं. म्हणाले, ‘‘सगळ्यांची टाच एकाच जागी सुटते. म्हणजे चूक तुझी. उभा राहा बघू.’’ सर पालकांदेखत उभे राहिले. म्हाताऱ्याने त्यांचा मागचा गुडघा हाताने ताणला, कंबर धरून पुढे वळवली आणि टाच लादीला टेकेपर्यंत पुन्हा पुन्हा वळायला लावलं. सर घामाघूम झाले, पण चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं. मग त्यांनी तेच मुलांकडून करून घेतलं.

माझ्या लेखी परंपरा ती एवढीच: शिकवणाऱ्याची चूक दाखवणारं माणूस त्याच्या डोक्यावर असणं. स्वतःची शैली काढून स्वतःच दहावा डॅन बांधणाऱ्याने नेमकं तेच माणूस गमावलेलं असतं. तुमच्या सरांच्या कौशल्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची टाच सुटली तर आज त्यांना कोण थांबवेल, एवढाच माझा प्रश्न आहे. मोठ्या संघटनांनाही तो चुकलेला नाही. क्योकुशिन या कराटे संघटनेचे संस्थापक ओयामा 1994 मध्ये गेल्यावर वारस कोण यावरून भांडणं झाली आणि संघटनेचे तुकडे पडले. आज प्रत्येक तुकडा आपलंच घर खरं म्हणतो. तुमच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट त्यातल्या कुठल्या घरचं, हे सामान्य पालकाने कसं ओळखायचं?

आता घराण्याचं. हा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. केसरबाईंनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतली, ती गंडा बांधल्याच्या कौतुकापुरती नव्हती. मैफलीत समोर जाणकार बसलेले असायचे, सूर इकडचा तिकडे झाला की त्यांना कळायचं. अभिषेकीबुवांनी तर एकाहून जास्त घराण्यांची विद्या घेतली आणि आपली गायकी घडवली. त्यांना कोणी बेघर म्हटलं नाही, कारण ऐकणाऱ्याला कान होते. कराटेच्या वर्गात नेमके तेच कान नाहीत. पालक बाहेर स्कूटरवर बसून मोबाईल बघतात, आणि आत बसले तरी काता बरोबर झाला की चुकला हे त्यांना उमगत नाही. ती उणीव मग सोनेरी काठाचा कागद भरून काढतो. तुम्ही पालक आहात, मुलीबरोबर दर संध्याकाळी जाता असंही लिहिलं आहे. मग आत बसा. सर प्रत्येक मुलाच्या पायाकडे बघतात का, दुखापत झालेल्याला बाजूला बसवतात का, लहान मुलाला मोठ्याशी कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभं करतात का, हे कळायला जपानी यावं लागत नाही.

शेवटी तुम्ही विचारलं आहे, चतुर्थीनंतर मुलीचं ब्लॅक बेल्टचं ग्रेडिंग आहे, फी भरू की नको. भरा. तिने कष्ट घेतले आहेत, तिला परीक्षेला बसू द्या. फक्त त्याआधी सरांना आदराने विचारा की परीक्षक कोण आहेत आणि सरांनी स्वतः शेवटचं कोणाकडून शिकलं. सरळ उत्तर मिळालं तर मलाही कळवा, आनंदाने इथे छापीन. आणि मुलीची इच्छा असेल तर फोंड्याला आमच्या शाळेच्या सभागृहातल्या वर्गाला तिला एकदा पाहुणी म्हणून घेऊन या. फी नाही, बेल्ट तिचा आहे तोच बांधून यावं, आणि तुम्ही आत बसायचं.