डिलिव्हरी ६० टक्के म्हणजे ‘मोठे घेतायत’? कशावरून?

शेअर बाजाराच्या ग्रुपांवर एक सूत्र फिरतंय. डिलिव्हरी (त्याच दिवशी न विकता खात्यात नेलेल्या शेअरांचं प्रमाण) ६० टक्क्यांच्या वर, व्हॉल्यूम (दिवसभरात हात बदललेले शेअर) नेहमीच्या दुप्पट आणि भावाची ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला कापून वर. तिन्ही जुळलं की मोठे लोक माल गोळा करतायत, डोळे झाकून घ्या. ५० ची सरासरी २०० च्या खाली गेली की विका.

‘डिलिव्हरी जास्त म्हणजे मोठ्यांची खरेदी.’ आकडा एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) रोज संध्याकाळी देते, त्यात खोट नाही. पण दिवसभराच्या व्यवहारांपैकी किती शेअर खरोखर एका डिमॅट खात्यातून दुसऱ्यात जाणार, एवढंच तो सांगतो. जितके कुणी घेतले, तितकेच कुणीतरी विकले. घेणारा हुशार आणि विकणारा अडाणी, हे आपण मनाने जोडतो. प्रवर्तकाने (कंपनीच्या मूळ मालकाने) बाजारात मोठा हिस्सा विकला तरी डिलिव्हरी आणि व्हॉल्यूम दोन्ही उसळतात. नावं थोडीफार कळतात ती बल्क डीलच्या यादीत: एखाद्याने दिवसात कंपनीच्या ०.५ टक्क्यांहून जास्त शेअरचा व्यवहार केला की तो त्याच संध्याकाळी जाहीर होतो. ती यादी मात्र फॉरवर्ड होताना दिसत नाही.

आणि एनएसईवरच्या ‘बीई सिरीज’ या वेगळ्या गटातले शेअर बघा. तिथे ट्रेड-टू-ट्रेड, म्हणजे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावीच लागते; सकाळी घेऊन दुपारी विकून मोकळं होता येत नाही, म्हणून डिलिव्हरी रोज १०० टक्के. या हिशेबाने बाजारातला सगळ्यात भक्कम माल तोच! प्रत्यक्षात त्यातले कित्येक शेअर एक्स्चेंजने सट्टा आवरायला तिथे टाकलेले असतात.

‘व्हॉल्यूम दुप्पट.’ तिमाही निकालाच्या दिवशीही होतो. निफ्टीच्या (एनएसईवरच्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या) यादीत नवा शेअर आला की त्या यादीबरहुकूम शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडांना तो घ्यावाच लागतो, आवडो न आवडो.

‘सरासरी कापली की वेळ झाली.’ २०० दिवसांच्या सरासरीत नऊ-दहा महिन्यांपूर्वीचे भावही असतात, ती उशिराच वळणार. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला, २३ मार्चला ७,६१० वर. विकायची खूण आली मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे पडझड बहुतेक होऊन गेल्यावर. घ्यायची खूण आली तेव्हा निफ्टी १०,००० ओलांडून गेला होता. सूत्र पाळणाऱ्याने तळाशी विकून वर घेतलं. लांबलचक तेजी-मंदीत ही पद्धत कधीकधी साथ देते, हे मान्य. पण मग ‘डोळे झाकून’ कशाला?

‘पुरावा म्हणून चार्ट आहेत.’ असतील, जमलेल्यांचे. चार्ट ज्या वर्षाचे, त्याच वर्षी तिन्ही खुणा जुळलेल्या सगळ्या शेअरांची यादी मागा, बुडालेल्यांसकट. मग त्यातून एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) वजा करा, घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का, शिवाय वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावरचा कर, जो २३ जुलै २०२४ पासून १५ चा २० टक्के झालाय.