‘दुप्पट वेग, अर्धा प्राणवायू’: फिनविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

माझी भाची फ्रीडायव्हिंग, म्हणजे श्वास रोखून खोल बुडी मारण्याचा खेळ, शिकायला अंदमानला निघाली आहे. तिने मला पाठवलेला संदेश आधीच बऱ्याच गटांवरून फिरून आला होता. फिन म्हणजे पायात चढवायचे लांब पात्याचे पंख; त्यांच्याविषयी त्यात चार दावे आहेत. फिन जितकी लांब आणि कडक, तितका वेग जास्त. वेग दुप्पट केला की पाण्याखालचा वेळ अर्धा होतो, म्हणून प्राणवायूही अर्धाच लागतो. विक्रमवीर इतके खोल जातात ते केवळ फिनच्या जोरावर. आणि फिनचा बूट, म्हणजे पाऊल बसते तो भाग, जितका घट्ट, तितकी ताकद जास्त. खाली तिचा प्रश्न होता, ‘मामा, मग सर्वांत कडक जोडच घेऊ ना?’ घेऊ नकोस, आणि का ते नीट वाच.

कडकपणाचा दावा मोजून तपासला गेला आहे. पाओला झाम्पारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा महाविद्यालयीन जलतरणपटूंना अनवाणी, लहान लवचिक फिन लावून, मोठ्या कडक फिन लावून आणि मोनोफिन, म्हणजे दोन्ही पायांना मिळून असणारे एकच रुंद पाते, लावून पोहायला सांगितले होते. अनवाणी पाय मारण्याच्या तुलनेत तेवढेच अंतर कापण्यासाठी लागणारी ऊर्जा मोठ्या कडक फिनने सुमारे 50 टक्के, लहान लवचिक फिनने सुमारे 55 टक्के आणि मोनोफिनने सुमारे 60 टक्के कमी झाली. हे प्रयोग पृष्ठभागावरच्या पोहण्याचे होते, हे मान्य. मोनोफिनचे पाते मोठे असते, तेव्हा आकाराचा फायदा होतो हेही मान्य करावे लागते. परंतु कडकपणाच्या बाजूने यात काहीही सापडत नाही. पायांच्या ताकदीला न झेपणारे पाते पुरेसे वाकत नाही, मग नवशिका नकळत गुडघे दुमडून सायकल मारल्यासारखे पाय हलवू लागतो, आणि पुढे आलेल्या मांड्या स्वतःच पाण्याला अडवतात. कार्बनचे पाते हलके असते आणि चटकन सरळ होते, ही गोष्ट खरी आहे; मात्र कार्बनमध्येही मऊ पाती मिळतात, याचा त्या संदेशात उल्लेख नाही.

दुसरा दावा निव्वळ चुकीचा असता तर मी सोडून दिला असता, पण तो जीवघेणा आहे. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या अवरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला की अवरोध चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते. वेळ अर्धा झाला तरी त्याच अंतरासाठी खर्ची पडणारी ऊर्जा चौपटच राहते. फार रेंगाळणेही महागात पडते, कारण शरीर स्वस्थ असतानाही दर सेकंदाला प्राणवायू वापरत असते. म्हणूनच खोल बुडी मारणारे अनुभवी लोक सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाच्या आसपास राहतात. हा चौपट खर्च भागवतात मांड्यांचे मोठे स्नायू, आणि त्याची जाणीव वेळेवर होतेच असे नाही. 20 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, त्यामुळे फुप्फुसातल्या प्राणवायूचा आंशिक दाबही (एकूण दाबातला त्याचा वाटा) चढा राहतो आणि सगळे ठीक वाटते. वर येताना शेवटच्या 10 मीटरमध्ये दाब निम्म्यावर येतो, त्याबरोबर प्राणवायूचा आंशिक दाबही कोसळतो, आणि नेमक्या त्याच टप्प्यात किंवा पृष्ठभागावर पोहोचल्यानंतरच्या काही क्षणांत शुद्ध हरपण्याचा धोका सर्वाधिक असतो. ‘जोरात पाय मारून लवकर वर या’ हा सल्ला माणसाला त्या टप्प्यावर रिकाम्या हाताने आणून सोडतो.

विक्रमवीरांचे म्हणाल, तर बहामाजमधल्या डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरात विल्यम ट्रुब्रिज यांनी 2016 साली फिनशिवाय 102 मीटर गाठले. अलेक्सेई मोलचानोव यांनी 2018 साली मोनोफिन लावून 130 मीटर गाठले. हा फरक मोठा आहे आणि फिनचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण 102 मीटरचे श्रेय कोणत्या पात्याला द्यायचे, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. शिवाय खोलीबरोबर फुप्फुसे आकसतात, शरीराची तरंगण्याची शक्ती संपते, आणि त्यापुढे पाणबुडा पाय न हलवता आपोआप खाली जाऊ लागतो. त्या पट्ट्यात फिन जवळजवळ निष्क्रिय असतात आणि सगळा हिशेब देहाच्या ठेवणीवर येतो. खाली किती उरले ते पाहण्यासाठी मान वर काढली, तर डोके आणि छाती प्रवाहाला आडवी येतात आणि कितीही महाग पाते तो तोटा भरून काढत नाही. हनुवटी आत घेऊन, बुडीची वाट दाखवायला खाली सोडलेला समोरचा दोर पाहत राहायला पैसे पडत नाहीत.

घट्ट बुटाने पायाला गोळे येतात. सैल बुटात पाय घसरतो आणि जोर वाया जातो, एवढेच त्या दाव्यात तथ्य आहे. बूट मोजे घालून पाहावा, आणि पाते मऊ किंवा मध्यम घ्यावे.