फ्लश काढला की डिस्क पळते म्हणे!

गेल्या मंगळवारी दुपारी दाजींचा फोन आला. "तुझ्या भाच्यानं कॉम्प्युटरला काय करून ठेवलंय, जरा येऊन बघ." दाजींचं शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीचं दुकान आहे. तिथं जुना डेस्कटॉप, त्यावर भाच्यानंच घातलेलं लिनक्स, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) सगळ्या त्यावरच निघतात. लाईट गेली होती, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट आली तेव्हा पट्ट्यांची डेटाबेस फाइल उघडेना.

भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं मान खाली घालून मोबाईल पुढं केला. कॉलेजच्या ग्रुपांवर सध्या फिरत असलेला मेसेज: 'कर्नलमधला स्टोरेज ड्रायव्हर स्वतः सुधारा, डिस्क दुप्पट पळवा.' कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर म्हणजे त्यातला डिस्कशी बोलणारा भाग. मेसेजमध्ये पाच सूचना. वाट बघणारे लूप काढा. वाचून किंमत वापरलीच जात नाही असे रीड काढा. फ्लश, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पक्कं उतरवून घ्यायचा आदेश, बंद करा. जुन्या डिस्कांच्या नावांची यादी उडवा. आणि चेकपॅचनं (कोडची मांडणी तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) शून्य चुका दाखवल्या की पॅच (कोडमधला बदल) तयार, कारण रिव्ह्यू (तो बदल इतरांनी तपासणं) म्हणजे जुन्या लोकांनी केलेली नाकेबंदी. खाली पुरावा म्हणून वेगाचा स्क्रीनशॉट.

तो स्क्रीनशॉट जरा मोठा करून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बदल सांगितलेत एएचसीआय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एसएटीए डिस्कांसाठी. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात डिस्कचं नाव काय? एनव्हीएमई झिरो एन वन! एनव्हीएमई ही दुसऱ्या जातीची डिस्क, तिचा ड्रायव्हरच वेगळा. ज्या कोडवर कात्री चालवली, तो त्या डिस्कच्या वाटेत येतच नाही. दुप्पट वेग कुठून आला ते त्या लेखकालाच ठाऊक.

आता फ्लश, कारण दुकान बसलं ते त्यानं. मेसेज म्हणतो, 'एसएसडी स्वतःच सांभाळून घेते.' काय सांभाळते? डिस्कच्या पोटात थोडी रॅम असते. लिहिलेलं आधी तिथं जातं, डिस्क 'मिळालं' म्हणते आणि कायमच्या जागी सवडीनं उतरवते. लाईट गेली की ती रॅम कोरी. म्हणून फाइल सिस्टिमला खात्री हवी असेल तेव्हा ती फ्लश मागते. एसएटीए डिस्कच्या बाबतीत ही मागणी स्कझीच्या (डिस्कला द्यायच्या आदेशांची एक भाषा) सिंक्रोनाइझ कॅश आदेशातून येते आणि लिबएटीए (कर्नलमधला एसएटीए डिस्का सांभाळणारा भाग) तिचा एटीएमधला, म्हणजे त्या डिस्कांच्या भाषेतला, फ्लश कॅश आदेश करून डिस्ककडे धाडतं. भाच्यानं मेसेजबरहुकूम नेमकं तिथंच, डिस्कला न विचारता, 'झालं' असं उत्तर परत पाठवायची सोय केली होती.

"पण मामा, शेवटच्या दोन-तीन सेकंदांचंच जाणार की."

इथंच सगळे फसतात. किती गेलं हा प्रश्नच नाही, क्रम मोडला हा प्रश्न आहे. डेटाबेस आधी जर्नल, म्हणजे बदलाची नोंद, लिहितो आणि फ्लश मागतो. मग मूळ फाइल बदलतो, पुन्हा फ्लश. मगच काम पुरं झाल्याची खूण करतो. फ्लश खोटा असला की डिस्क तिच्या सोयीनं यातलं कुठलंही आधी उतरवते. दाजींना मी त्यांच्या भाषेत सांगितलं: गुळाचं वजन व्हायच्या आधीच पट्टीवर 'पैसे दिले' असा शिक्का बसला. लाईट आल्यावर डेटाबेसला शिक्का दिसतो, वजनाचा पत्ता नसतो. दाजींना ते लगेच कळलं. भाच्याला वेळ लागला.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. सकाळच्या पट्ट्या दिवाणजींच्या वहीवरून पुन्हा भरल्या. दिवाणजी एक शब्द बोलले नाहीत. वही उघडून भाच्यासमोर ठेवली आणि चष्मा पुसत बसले.

बरं, खरं तेवढं मान्य करतो. फ्लश वगळला की वेग वाढतो. बारीक बारीक, प्रत्येक वेळी खात्री मागणारं लिखाण असेल तर चांगलाच वाढतो. बॅटरीवर चालणारी कॅश असलेला रेड कंट्रोलर (अनेक डिस्का एकत्र चालवणारं कार्ड) असेल किंवा कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी असेल, तर फ्लशवाचून चालूनही जातं. पण त्यासाठी ड्रायव्हर फोडायची गरज नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात जिथं दिसतात तिथं) डिस्कच्या क्यूखाली राइट कॅश नावाची फाइल आहे. तिथं 'राइट थ्रू' लिहा, कर्नल फ्लश पाठवायचं थांबतो. विंडोजमध्येही असा चौकोन आहे, आणि डिस्कला वेगळा वीजपुरवठा नसेल तर टिक करू नका अशी सूचना त्याच्या खालीच असते. यार्डातल्या दुकानाला वेगळा वीजपुरवठा? असो.

वाट बघणाऱ्या लुपांचं आणि 'निरुपयोगी' रीडचं एकत्रच उरकतो, कारण दोन्ही एकाच फंक्शनमध्ये सापडतात, कंट्रोलर रीसेट करणाऱ्या. तिथली कॉमेंट वाचण्यासारखी आहे: रीसेट एका सेकंदात पुरा झाला नाही तर हार्डवेअर जळालं असं समजावं. मेसेजवाल्यानं यावरून 'इथं एक सेकंद फुकट जातो' असं काढलं. नाही हो! दर १० मिलिसेकंदांनी बिट तपासला जातो आणि तो शून्य झाला की लूप तिथंच सुटतो. सेकंद ही वरची मर्यादा, आणि ती एएचसीआयच्या स्पेसिफिकेशनमधून आलेली आहे. त्या लुपाच्या वरच रीसेटचा बिट लिहिला जातो आणि लगोलग तेच रजिस्टर परत वाचलं जातं. वाचलेली किंमत कुठेच ठेवत नाहीत. शेजारी एका शब्दाची कॉमेंट: फ्लश. (हा फ्लश वेगळा, डिस्कच्या कॅशचा नव्हे.) पीसीआयवर, म्हणजे कंट्रोलरकडे जाणाऱ्या मार्गावर, लिहिलेलं वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं. मागोमाग रीड गेला की आधीचं लिखाण पुढं सरकल्याशिवाय त्याचं उत्तर येत नाही. ओळ निरुपयोगी दिसते, पण ती काढली की रीसेट कधी पोचला याचा भरवसा उरत नाही.

जुन्या नावांची यादी म्हणजे ज्या डिस्कांचं फर्मवेअर एखाद्या बाबतीत खोटं बोलतं त्यांची नोंदवही. एखादी 'मला क्यूमधून ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली हे सांगणारा आदेश) येतं' म्हणते आणि दिलं की डेटा खाते. त्यात आजही लॅपटॉपांत फिरणाऱ्या एसएसडी आहेत. जुनं कधी काढतच नाहीत असंही नाही. जुनी आयडीई सबसिस्टिम (जुन्या पद्धतीच्या डिस्कांचा कोड) २०२१ मध्ये कर्नल ५.१४ ला अख्खी काढली. पण कधी? तिचं काम लिबएटीए कित्येक वर्षं करत आल्यावर.

राहिला रिव्ह्यू. तिथली भाषा पूर्वी फार कडक होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली होती. पण म्हणून चेकपॅच पुरे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्नल ४.१९ आलं आणि लोकांच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमी बिघडायला लागल्या. कर्नलच्या बगझिलात (चुकांच्या नोंदवहीत) तक्रार क्रमांक २०१६८५ बघा. काही आठवडे संशय ईएक्सटी४ वर होता. दोष निघाला ब्लॉक लेअरमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या थरात. रिक्वेस्ट थेट स्कझी डिस्ककडे द्यायची, डिस्क 'बिझी' म्हणाली की परत रांगेत ठेवायची. पण तोवर स्कझी लेअरनं तिची मेमरीची यादी बनवून ठेवलेली असायची. मग रांगेत दुसरी रिक्वेस्ट तिच्यात मिसळायची. रिक्वेस्ट वाढली, यादी जुनीच. डिस्ककडे फक्त आधीचा तुकडा जायचा. ब्लॉक लेअरचे मेंटेनर येन्स अ‍ॅक्सबो यांची दुरुस्ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, आणि ती मोजक्या ओळींची होती.

यातल्या एकाही ओळीवर चेकपॅच कुरकुरलं नसतं. कंस, जागा, नावं, सगळं जिथल्या तिथं. 'मग रिव्ह्यूलाही ते सापडलं नाहीच ना,' असं कुणी म्हणेल. नाही सापडलं, बरोबर. दोन डोळे असताना सुटलं, म्हणून आता एकही नको?

दुकानात सध्या डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्ससोबत आलेला, मूळ कर्नल आहे, यूपीएसला नवी बॅटरी आहे. भाच्याला रविवारी बोलावलंय. येताना त्या रीडच्या ओळीचा गिटमधला (कोडच्या बदलांच्या नोंदीतला) इतिहास वाचून ये म्हटलंय, आणि मेसेज ज्या ज्या ग्रुपवर त्यानं पुढं ढकलला त्या प्रत्येक ग्रुपवर स्क्रीनशॉटचा तो कोपरा मोठा करून टाक, हेही.