'तंगीनेच पोरं घडतात' म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

आमच्या कळव्यातल्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. घरात तंगी असली की मुलं कणखर होतात, घरचं टेन्शन त्यांना कळत नाही, मोठी झाली की विसरतात, आणि पैशापेक्षा संस्कार महत्त्वाचे. मी नववी-दहावीचे क्लास घेते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

कणखर होतात हे अगदीच हवेतलं नाहीये. अमेरिकेत ओकलंडमधल्या १९२०-२१ला जन्मलेल्या मुलांच्या नोंदी ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने तपासल्या, तर १९३०च्या दशकातल्या महामंदीत घरचं उत्पन्न कोसळूनही बरीच जणं पुढे मार्गी लागली होती. पण पुढचं कोणी सांगत नाही. सावरली ती जास्त करून मूळच्या मध्यमवर्गीय घरातली, कामगारांच्या घरात तेवढं जमलं नाही, शिवाय नंतर दुसऱ्या महायुद्धामुळे नोकऱ्या आल्या, सैन्यातून परतलेल्यांच्या कॉलेजचा खर्च सरकारने केला. आणि शेजारच्या बर्कलीत १९२८-२९ला जन्मलेले, म्हणजे मंदीत अगदी लहान असलेले मुलगे जास्त होरपळले. म्हणजे तंगीने घडवलं नाही, तंगी संपली आणि कोणीतरी हात दिला म्हणून निभावलं. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांवरचं मोफत शिक्षण आठवीला संपतं, नेमकं त्याच वयात जेव्हा फी, क्लास, पुस्तकं सगळंच अंगावर येतं.

पोरांना कळत नाही म्हणे! १९८०च्या दशकात अमेरिकेत आयोवातली शेती कर्जात बुडाली, तिथल्या कुटुंबांचा रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. पैशाच्या चणचणीने आईबाप खचतात, आपसात भांडतात, मुलांशी तुटक नाहीतर फार कडक वागायला लागतात आणि पोरं कोमेजतात ती यातून. वन रूम किचनमध्ये रात्री हप्त्यावरून आवाज चढला की पोर झोपलेलं नसतं हो, पांघरुणात सगळं ऐकत असतं. क्लासमध्ये एखादं पोर गप्प झालेलं मला आधी दिसतं, बापाची कंपनी बंद पडल्याचं नंतर कळतं.

विसरतात? २००९च्या एका अमेरिकन अभ्यासात १७ वर्षांची मुलं तपासली, लहानपणाचा जितका जास्त काळ गरिबीत गेला तितकी गोष्टी डोक्यात धरून काम करायची क्षमता कमी निघाली, आणि त्याचा संबंध शरीरात साठलेल्या ताणाशी होता.

आता संस्कार. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या कसिनोच्या नफ्यातून १९९६पासून त्यांच्या प्रत्येक घरात पैसे यायला लागले. जी घरं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांची मारामारी, उलटं वागणं कमी झालं. चिंता-उदासी मात्र फारशी हटली नाही, हेही सांगायला हवं. आणि वागणं का सुधारलं, तर आईवडलांना पोरांकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला म्हणून. ज्याला संस्कार म्हणतात तोच वेळ ना हा? डबल ड्युटी करणाऱ्या आईने तो आणायचा कुठून?

पोरांना आकडे नका सांगू, पण अडचण आहे आणि ती तुझ्यामुळे नाही एवढं तरी सांगा. शाळेत फीबद्दल तुम्ही स्वतः जाऊन बोला, पोराच्या हाती निरोप देऊ नका. आणि पोर फारच मिटून गेलंय, झोप उडालीये असं वाटलं तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आईबापांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.