टोकेलाऊचा दाखला अर्धाच सांगितला जातो

“टोकेलाऊ बेटांवरचे लोक खोबऱ्यावर जगतात, तरी त्यांना हृदयविकार नाही. खोबरेल आपलं पारंपरिक तेल, त्याने कोलेस्टेरॉल वाढत नाही. रोज सकाळी दोन मोठे चमचे प्या.” हा संदेश घरोघरी फिरतो आहे आणि लोक खरंच तेल पिऊ लागलेत.

कोलेस्टेरॉल वाढत नाही, हे विधान टोकेलाऊच खोडून काढतं. न्यूझीलंडचे डॉ. इयन प्रायर यांनी टोकेलाऊ आणि पुकापुका या प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची तुलना केली, ती १९८१मध्ये छापून आली. टोकेलाऊत सुमारे ६३ टक्के उष्मांक खोबऱ्यातून येत, पुकापुकात ३४ टक्के. आणि कोलेस्टेरॉल टोकेलाऊकरांचं दर १०० मिलिलिटरमागे ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त निघालं.

हृदयविकार दोन्हीकडे क्वचित होता, हे मात्र खरं. पण त्यांच्या जेवणात नारळाबरोबर मासे आणि नीरफणस होते, साखर अगदी थोडी. टोकेलाऊकर न्यूझीलंडला स्थायिक झाल्यावर त्यांच्या जेवणात खोबरं कमी झालं, साखर वाढली. वजन, रक्तदाब आणि मधुमेहही वाढले. म्हणजे श्रेय एकट्या खोबऱ्याला देता येत नाही.

‘पारंपरिक’ म्हणजे निर्धोक, हेही चूक. फिनलंडच्या उत्तर करेलियात लोणी आणि सायीचं दूध पिढीजात होतं, आणि तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. १९७२पासून लोणी, मीठ आणि धूम्रपान कमी करण्याची मोहीम चालली. चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

आता ते दोन चमचे. त्यांत साधारण २७ ग्रॅम तेल, २४० उष्मांक, आणि बहुतांश संपृक्त मेद, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसभराचं तेल-तूप मिळून २५ ग्रॅम सांगितलं होतं, स्त्रीला २०. नाश्त्याआधीच कोटा संपला. फोडणी आणि वरणावरचं तूप अजून बाकीच आहे. कोकणात मात्र नारळ वाटणातून, सोलकढीतून पोटात जातो, आणि पाव वाटी, म्हणजे २० ग्रॅम ओल्या चवात मेद जेमतेम ७ ग्रॅम असतो.

चार प्रौढांच्या घराने (दोन पुरुष, दोन स्त्रिया) महिन्याचा हिशेब करून पाहावा: दिवसाला ९० ग्रॅम, महिन्याला २.७ किलो, म्हणजे साधारण तीन लिटर. तेल आणि तूप धरून सगळं तीन लिटरांत बसायला हवं. खोबरेल वापरायचं तर याच तीन लिटरांतलं.